परके शब्द आणि आपला घाट : ‘इंडियन ओशन’च्या ‘कंदीसा’चा विचार

१

एखाद्या कलावंताचा विकास झाला असे आपण म्हणतो, तेव्हा त्या विधानाचा नेमका अर्थ काय असतो? बहुधा पुढील दोहोंपैकी एक अर्थ आपल्या मनात असतो. त्याचे साधनांवरील प्रभुत्व वाढले, हा पहिला. आणि त्याचे अनुभवक्षेत्र विस्तारले, हा दुसरा. या दोन्ही गोष्टी विकासाला उपकारक आहेत यात शंका नाही. परंतु उपकारक असणे वेगळे आणि विकास असणे वेगळे. ज्याची बोटे पूर्वीपेक्षा जलद चालतात तो वादक अधिक निपुण झाला असे म्हणता येईल. त्याची कला वाढली असे एवढ्यावरून म्हणता येणार नाही. तसेच, नव्या विषयाला हात घातला म्हणून जुन्या पद्धतीच्या कवितेची नवी कविता होत नाही, हे आपल्या नवकाव्याच्या चर्चेतून पुरेसे स्पष्ट झालेले आहे.

प्रस्तुत लेखात एक तिसरा अर्थ सुचवावयाचा आहे. एखाद्या कलेने आपल्या आरंभकाळात जो घटक जाणूनबुजून दूर ठेवलेला असतो, त्याच घटकाला तडजोड न करता सामावून घेणारा घाट तिला सापडणे, हा विकास होय. या विधानाची तपासणी करण्यासाठी दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या रॉक बँडची इ. स. २००० मध्ये ‘टाइम्स म्युझिक’ने प्रकाशित केलेली ‘कंदीसा’ ही ध्वनिमुद्रिका निवडली आहे. या बँडने दूर ठेवलेला घटक म्हणजे शब्द.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांपुढे दिल्लीच्या एका बँडचा विचार कशासाठी, असा प्रश्न कोणी उपस्थित केल्यास तो गैर ठरणार नाही. त्याचे उत्तर दुहेरी आहे. एक तर या ध्वनिमुद्रिकेतील सर्वांत महत्त्वाचे गीत हे नर्मदेच्या खोऱ्यातील लोकगीत आहे, आणि लोकगीत त्याच्या जागेवरून उचलून दुसरीकडे कसे न्यावे, हा लोकसाहित्याच्या प्रत्येक अभ्यासकाचा प्रश्न आहे. दुसरे असे की, प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य इगतपुरीस आहे. दारणा, मुकणे, भावली, अप्पर वैतरणा अशा धरणांच्या या परिसरात नदीचे गाणे ऐकणे ही निव्वळ रसिकतेची बाब राहत नाही. या दुसऱ्या मुद्द्याकडे आपण शेवटी वळू.

२

भारतीय रॉक संगीतापुढील अडचण समजून घ्यावयाची तर आधी मुंबईकडे पाहणे सोयीचे आहे. तेथे १९८४ साली ‘रॉक मशीन’ हा बँड स्थापन झाला. उदय बेनेगल यांचे गायन आणि महेश तिनईकर यांची गिटार ही त्याची ठळक अंगे. १९८८ साली ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ ही आणि १९९० साली ‘द सेकंड कमिंग’ ही ध्वनिमुद्रिका त्यांनी काढली. परक्यांची गीते वाजविणाऱ्या मंडळींनी स्वतःची गीते रचावयास लागणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. तथापि ती गीते इंग्रजी होती आणि त्यांचा साचाही पाश्चात्त्य होता. १९९३ साली या बँडने ‘इंडस क्रीड’ असे नवे नाव धारण केले. यंत्राचे नाव टाकून नदीचे नाव घेण्याच्या या कृतीत आपल्या संगीताला स्वतःची भूमी हवी, ही जाणीव दिसते. परंतु नाव घेतल्याने भूमी मिळतेच असे नाही.

भूमी मिळविण्याचे दोन मार्ग अशा वेळी सहज सुचतात. पहिला मार्ग अनुकरणाचा : परका घाट जसाच्या तसा घ्यावयाचा आणि त्यात शक्य तितके कौशल्य दाखवावयाचे. दुसरा मार्ग अलंकरणाचा : घाट परकाच ठेवावयाचा, पण त्यावर सतार, तबला किंवा एखादी लोकधून बसवून त्याला देशी रूप द्यावयाचे. हे दोन मार्ग परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः ते एकच आहेत. दोहोंतही घाटाला हात लागत नाही. आपल्याकडे सुनीताची चौदा ओळींची चौकट आली, तेव्हा चौकट आत्मसात करणारे कवी आणि ती नुसती भरणारे कवी यांत जो फरक पडला, तोच येथेही लागू आहे.

३

‘इंडियन ओशन’ची सुरुवात गिटारवादक सुश्मित सेन आणि तबलावादक-गायक असीम चक्रवर्ती यांच्या १९८४ मधील भेटीपासून धरली जाते, १९९० च्या सुमारास बँड म्हणून त्यांचे स्वरूप निश्चित झाले. १९९१ साली बेस गिटार वाजविणारे राहुल राम आणि १९९४ साली ड्रम्स वाजविणारे अमित किलम त्यांना येऊन मिळाले. १९९३ साली एच. एम. व्ही. ने त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका बँडच्याच नावाने काढली. त्यानंतरची ‘डेझर्ट रेन’ ही १९९७ साली दिल्लीत सफदर हाश्मी यांच्या स्मरणार्थ भरलेल्या मैफलीचे प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण होय.

या दोन्ही ध्वनिमुद्रिका बहुतांशी शब्दविरहित आहेत. त्यांत कंठस्वर आहे, पण तो आकार, तराण्यासारखी निरर्थक अक्षरे किंवा सरगम यांच्या रूपात. म्हणजे तोही एक वाद्यच. याचे कारण गायकांचे दौर्बल्य हे खचित नव्हे. आमच्या मते या मंडळींनी रॉक संगीताचा घाट बदलावयाचे काम आधी हाती घेतले होते, आणि ते काम चालू असता शब्द घेणे धोक्याचे होते. इंग्रजी शब्द घ्यावे तर जुना साचा परत येणार. हिंदी शब्द घ्यावे तर चित्रपटगीताचा मुखडा-अंतरा परत येणार. शब्द हे एकटे येत नाहीत. आपापला घाट बरोबर घेऊन येतात.

घाटात बदल झाला तो असा. पाश्चात्त्य रॉकमध्ये गिटार ही बहुधा अनेक स्वरांचा एकत्रित आघात करून गाण्याला चौकट पुरविते. सुश्मित सेन यांची गिटार असे क्वचितच करते. ती विद्युत्-गिटारीचा कर्कश, फाटलेला आवाज वापरीत नाही. एकाच स्वररेषेत, मोकळ्या तारांचा आधारस्वर ठेवून, गत वाजवावी तशी वाजते. त्यामुळे गाण्याची चौकट धरण्याचे काम बेस गिटारीकडे जाते. तबला आणि ड्रम्स ही दोन तालवाद्ये एकाच वेळी वाजत असूनही एकाची दुसऱ्याला अडचण होत नाही. ड्रम्स आघाताची जागा सांगतात आणि तबला त्या आघातांमधील अवकाश भरतो. असीम चक्रवर्ती तबला वाजवीत असतानाच गात, ही गोष्टही ध्यानात ठेवावी. गायक आणि तालधर एकच असल्यामुळे गाणे तालावर बसविलेले न वाटता तालातून उगवलेले वाटते.

कै. बा. सी. मर्ढेकर यांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ सालच्या ग्रंथात सौंदर्याचा उलगडा लयतत्त्वाने केला आहे. संवाद, विरोध आणि समतोल हे कलाकृतीच्या घटकांतील संबंधांचे तीन प्रकार त्यांनी सांगितले. त्या परिभाषेत बोलावयाचे तर, ‘डेझर्ट रेन’पर्यंतच्या संगीतात संवाद विपुल आहे, समतोलही साधलेला आहे, विरोध मात्र क्षीण आहे. वाद्ये एकमेकांशी इतकी सलोख्याने वागतात की त्यांना परस्परांचा प्रतिकार होत नाही. ऐकताना प्रसन्नता वाटते, परंतु काही पणाला लागले आहे असे वाटत नाही. शब्दांचा त्याग करून या बँडने घाट मिळविला खरा. पण त्या घाटाची कसोटी अद्याप लागावयाची होती.

४

ती कसोटी ‘कंदीसा’ने लावली. या ध्वनिमुद्रिकेत शब्द आले, आणि लक्षात घेण्यासारखी बाब अशी की यातील महत्त्वाचे शब्द बँडचे स्वतःचे नाहीत. ‘मा रेवा’ हे नर्मदाकाठचे लोकगीत. ‘कंदीसा’ हे केरळातील सीरियन ख्रिस्ती परंपरेतील, येशू ख्रिस्ताच्या भाषेशी नाते सांगणाऱ्या अरामाईक कुळातील भाषेतले प्राचीन स्तोत्र; त्या शब्दाचा अर्थ ‘पवित्र’. ‘हिल्ले रे’चा उगम गोरख पांडेय या १९८९ साली निधन पावलेल्या क्रांतिकारी कवीच्या भोजपुरी गीतात. एक नदीची स्तुती, एक ईश्वराची स्तुती, एक जनतेच्या उठावाचे गाणे. तिन्ही भाषा दिल्लीच्या या वादकांना घरच्या नाहीत. मात्र या तिन्ही गीतांत एक साम्य आहे. ती एकट्याने म्हणावयाची गीते नाहीत. घाटावर, प्रार्थनामंदिरात आणि मोर्चात ती समूहाने म्हणावयाची आहेत. रॉक संगीतातील शब्द बहुधा ‘मी’चे असतात. ‘कंदीसा’ने ‘मी’ वगळला आणि ‘आम्ही’ म्हणणारे शब्द घेतले. ही निवड हाच या ध्वनिमुद्रिकेचा पाया आहे.

‘मा रेवा’ पाहू. राहुल राम यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात पर्यावरणीय विषविज्ञानाची डॉक्टरेट घेतल्यानंतर नव्वदीच्या दशकाच्या पूर्वार्धात नर्मदा बचाव आंदोलनात काम केले, आणि हे गीत ते खोऱ्यातूनच घेऊन आले. अशा गीताचे दोन प्रकारे मातेरे होऊ शकते. त्याला करुण करून शहरी श्रोत्याच्या डोळ्यांत पाणी आणावयाचे, हा एक प्रकार. त्याचा ठेका घेऊन नाच बसवावयाचा, हा दुसरा. बँडने दोन्ही टाळले. नदीच्या पाण्याचे कौतुक करणारे हे गाणे त्यांनी जोमदार, पुरुषी, किंचित खडबडीत आवाजात गायिले आहे. धरणाचा, विस्थापनाचा, आंदोलनाचा एकही उल्लेख त्यात नाही. लोकगीतात नव्हता म्हणून येथेही नाही. गिटार गायकाच्या ओळीखाली साथ करीत राहत नाही. ओळ संपली की उत्तर देते. कसारा घाटात गाडी वर चढविताना मागून लावलेली बँकर इंजिने जशी दिसत नाहीत, पण चढ त्यांच्यावाचून पार होत नाही, तसे या गाण्यातील बेसचे काम आहे : एकच आकृती पुन्हा पुन्हा वाजवून ती सारे गाणे मागून रेटते.

पूर्वीच्या संगीतात नसलेला विरोध येथे प्रगट होतो. लोकगीताचे ध्रुवपद पुन्हा पुन्हा त्याच जागी येते. नदीवरच्या गाण्याला पुढे जाण्याची घाई नसते. रॉकच्या तालाला मात्र पुढे जावयाचे असते. त्याचा धर्मच चढत जाण्याचा. एक घटक वर्तुळात फिरतो आणि दुसरा सरळ रेषेत धावतो. या दोघांपैकी कोणीही माघार घेत नाही, आणि तरीही गाणे फुटत नाही. मर्ढेकरांना अभिप्रेत असलेला समतोल, म्हणजे विरोध पचवून उरलेला समतोल, तो हा होय.

‘कंदीसा’ या शीर्षकगीतात हीच रीत उलट्या बाजूने दिसते. येथे आरंभ गिटारीच्या संथ, मोकळ्या स्वरांनी होतो, आणि स्तोत्राचे मोजके शब्द कोणताही आडपडदा न ठेवता गायिले जातात. तेच शब्द पुन्हा येतात. मात्र दर वेळी त्यांच्या भोवतीचे वाद्यांचे वजन बदललेले असते. अर्थ न समजणाऱ्या श्रोत्यालाही हे प्रार्थनेचे शब्द आहेत हे कळते, कारण पुनरुक्तीचा असा उपयोग प्रार्थनेतच होतो. वारीत ‘ज्ञानबा-तुकाराम’चा गजर ऐकलेल्या मराठी श्रोत्यास हे सांगावयास नको. शब्दाचा अर्थ पहिल्या उच्चारातच संपतो; त्यानंतर वाढत जातो तो त्याचा भार. पूर्वी शब्दावाचून वाद्यासारखा वापरलेला कंठ या गीतात शब्द घेऊनही वाद्याचे गुण टिकवितो. शब्दविरहित वर्षे वाया गेली नव्हती, याचा पुरावा येथे मिळतो.

‘हिल्ले रे’ या दोहोंच्या मानाने उणे आहे. उठावाच्या गाण्याला रॉकचा आवेश सहज मानवतो, आणि नेमके तेच या गीताचे वैगुण्य ठरते. दोन घटक एकाच दिशेने धावू लागले की विरोध उरत नाही. ऐकताना अंगावर रोमांच उभे राहतात, परंतु दुसऱ्या ऐकण्यात नवे काही हाती लागत नाही. ‘खजुराहो’ आणि ‘लीव्हिंग होम’ ही गीते अधिककरून जुन्या शब्दविरहित वळणाची आहेत. त्यांपैकी ‘लीव्हिंग होम’मधील गिटारीची मुख्य धून इतकी रेखीव आहे की तिला शब्दांची उणीव भासत नाही. ‘खजुराहो’ मात्र विस्तारात रमते आणि रेंगाळते.

५

या ध्वनिमुद्रिकेवर दोन आक्षेप घेता येण्यासारखे आहेत, आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला आक्षेप उच्चारांविषयीचा. प्राचीन स्तोत्राचे शब्द बँडच्या तोंडी मूळ धर्मविधीतील उच्चारांहून बदललेले आहेत, आणि तो विधी जाणणाऱ्याला हे खटकेल. जी भाषा आपणास येत नाही तिचे पवित्र शब्द गाण्याचा अधिकार कोणता? यावर असे म्हणता येईल की, स्तोत्रे आणि ओव्या मुखपरंपरेने जगतात तेव्हा त्यांचे उच्चार बदलतच असतात. परंतु हे उत्तर पुरेसे नाही. परंपरेत होणारा बदल परंपरेतील माणसे करतात. येथे तो बाहेरच्यांनी केला आहे. आक्षेप त्या मर्यादेत मान्य करावा लागेल. त्याच्या विरुद्ध पारड्यात एवढेच घालता येते की, त्यांनी या शब्दांना शोभेची वस्तू केले नाही; सगळे गीत त्या शब्दांच्या आधारावर उभे केले आणि ध्वनिमुद्रिकेलाही त्यांचेच नाव दिले.

दुसरा आक्षेप अधिक मर्मावर येतो. ‘मा रेवा’ शहरातील सभागृहात टाळ्या घेत असता नर्मदेच्या खोऱ्यात काय चालले होते? ही ध्वनिमुद्रिका निघाली त्याच वर्षी, १८ ऑक्टोबर २००० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सरदार सरोवराचे काम पुढे नेण्यास अनुमती दिली. तत्पूर्वी १९९३ पासूनच महाराष्ट्रातील मणिबेली या अक्कलकुवा तालुक्यातील गावाच्या वाट्यास बुडिताचे पाणी आलेले होते. मग हे गाणे म्हणजे बुडणाऱ्या गावाचा शहराने राखलेला सुबक अवशेष नव्हे काय?

या प्रश्नाला इगतपुरीत बसून ‘नव्हे’ असे चटकन म्हणवत नाही. दारणेचे धरण १९१६ साली पुरे झाले. अप्पर वैतरणेचे पाणी घाट उतरून मुंबईस जाते. मुकण्याचे नाशिक शहरास. या पाण्यांखाली गावे आणि शिवारे गेली, आणि त्यांच्याबरोबर त्या त्या नदीकाठची गाणीही गेली असली पाहिजेत. ती कोणत्याही ध्वनिमुद्रिकेवर नाहीत. मुंबईच्या नळाला येणारे पाणी पिणाऱ्याला वैतरणेचे गाणे कोणी ऐकविलेले नाही. नर्मदेचे गाणे देशभर ऐकू गेले याचे श्रेय आधी आंदोलनाचे आणि मग बँडचे. हा क्रम विसरता कामा नये.

तथापि अवशेष आणि गाणे यांत एक भेद आहे. अवशेष जपून ठेवावयाचा असतो. गाणे म्हणावयाचे असते. ‘मा रेवा’ ऐकून श्रोते ती ओळ स्वतः म्हणू लागतात, आणि म्हणता म्हणता कधीही न पाहिलेल्या नदीला आई म्हणतात. यातून धरण थांबत नाही, हे खरे. पण गाण्याकडून धरण थांबविण्याची अपेक्षा करणे हा गाण्यावर अन्याय आहे. नदी म्हणजे घनमीटरांत मोजावयाचा साठा, हीच एक भाषा सर्वत्र बोलली जात असता दुसरी एक भाषा कानांवर राहणे, एवढेच गाण्याकडून मागता येते. आणि तेवढे या गाण्याने दिले आहे. आपले राजकारण शब्दांत न सांगता त्याने लोकगीत अखंड ठेवले, हेच त्याचे राजकारण म्हणावे लागेल.

६

‘कंदीसा’नंतरची वाटचाल थोडक्यात सांगितली तरी पुरे. २००३ सालच्या ‘झीनी’त या मंडळींनी कबीराला हात घातला, आणि मुंबईतील १९९३ च्या बॉम्बस्फोटांवरील ‘ब्लॅक फ्रायडे’ या चित्रपटाला संगीत दिले. २५ डिसेंबर २००९ रोजी असीम चक्रवर्ती यांचे निधन झाले, आणि २०१३ साली सुश्मित सेन बँडमधून बाहेर पडले. गायक आणि तालधर एकच असण्याचा जो विशेष वर सांगितला तो असीम यांच्याबरोबर गेला. एकेरी स्वररेषेची ती गिटार सुश्मित यांच्याबरोबर. बँड पुढे चालू राहिला. परंतु ‘कंदीसा’चा घाट या चार व्यक्तींच्या चार स्वभावांतून घडला होता, आणि घाट हा वारसाहक्काने मिळत नाही.

राहता राहिला आमच्या अभ्यासाशी असलेला संबंध. मराठीत लोकगीतांच्या संकलनाची परंपरा मोठी आहे. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या, डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे खंडामागून खंड सिद्ध केले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. हे ऋण फार मोठे आहे. परंतु आपले वर्गातील विवेचन अजून बहुशः छापील शब्दांवर चालते. ओवी ही जात्याच्या फेऱ्यासह एक वस्तू आहे. तो फेरा काढून घेतला की उरते ते पद्य, ओवी नव्हे. ‘मा रेवा’चे संगीत रॉकचे आहे, नर्मदाकाठचे नाही; तरीही त्याने गाण्याचा फेरा ओळखला आणि त्याला आपल्या तालात जागा करून दिली. संहिता तंतोतंत उतरवून घेणाऱ्या संशोधकाकडून कधी कधी हेच राहून जाते.

आरंभीचे विधान आता थोडे दुरुस्त करून मांडता येईल. दूर ठेवलेल्या घटकाला सामावून घेणारा घाट सापडणे म्हणजे विकास, असे म्हटले होते. ‘कंदीसा’वरून दिसते की, तो घटक सामावला जाताना विरघळता कामा नये, त्याचा परकेपणा घाटाच्या आत टिकून राहिला पाहिजे आणि घाटाला तो टोचत राहिला पाहिजे. जेथे तो टोचतो, त्या ‘मा रेवा’त आणि शीर्षकगीतात, ही ध्वनिमुद्रिका थोर आहे, जेथे टोचत नाही तेथे ती केवळ चांगली आहे. दारणेच्या आणि वैतरणेच्या काठची जी गाणी अद्याप कोणाच्या तरी ओठांवर शिल्लक असतील, ती उतरवून घेण्यास या विभागाचे विद्यार्थी निघतील, तेव्हा वहीबरोबर त्यांनी कानही न्यावेत.